डोकं, डोळे, कान, नाक, घसा: नर्सिंगच्या मुलामुलींसाठी तपासणीची माझी पद्धत

प्रॅक्टिकल जवळ आली की मुलींचे मेसेज सुरू होतात, मॅडम हेड टू टो (डोक्यापासून पायापर्यंतची तपासणी) मध्ये सुरुवातीलाच गडबडायला होतं, डोकं ते घसा हा भाग एवढा मोठा आहे की काय राहिलं तेच कळत नाही. खरंय, शरीराचा वीतभर तुकडा पण त्यात तपासायच्या गोष्टी छातीपोटापेक्षा जास्त. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), बीएससी, उपकेंद्रावर नव्याने लागलेले सीएचओ (कम्युनिटी हेल्थ ऑफिसर), सगळ्यांना चालेल. आधीच सांगते, हे बघायला आणि ओळखायला शिकवणारं आहे, औषध लिहायला नाही, आणि गडबड दिसली की डॉक्टरांना कळवायचं.

माझी स्वतःची फजिती आधी सांगून टाकते म्हणजे तुम्हाला धीर येईल. ट्रेनिंगला असताना एका आजींचं तोंड तपासलं, टॉर्च मारला, "ओरल म्युकोसा नॉर्मल" लिहिलं, हुश्श. राउंडला आलेल्या सरांनी फाइल वाचली, आजींना म्हणाले, आजी कवळी काढा जरा. वरची कवळी निघाली आणि तिच्याखाली हिरडीवर नाण्याएवढा पांढरट चट्टा, मधे जखम. आजी म्हणाल्या, दोन महिने झाले टोचतंय, पण या ताईंनी काढायला सांगितलंच नाही. तेव्हापासून माझा नियम आहे की जे बघितलं नाही ते लिहायचं नाही. आणि बघायचं असेल तर चष्मा, कवळी, टोपी, पदर, कानातलं मशीन, मास्क, जे काही मधे येतंय ते आधी बाजूला.

सामान आणि बसायची तयारी

पेनटॉर्च, लाकडी टंग डिप्रेसर (जीभ दाबायची पट्टी), ग्लोव्हज, मेजर टेप, कापूस, पाण्याचा ग्लास, स्नेलन चार्ट (नजर तपासायचा अक्षरांचा तक्ता), 512 हर्ट्झचा ट्युनिंग फोर्क (आपटल्यावर वाजणारा धातूचा काटा), आणि मिळाला तर ऑटोस्कोप (कानात बघायचं उजेडवालं यंत्र). फोर्क उचलताना आकडा वाचा, 128 वाला पायाची व्हायब्रेशन सेन्स बघायला असतो, तो कानाला लावून कितीतरी जण एक्झाममध्ये फसलेत. टॉर्चचे सेल आदल्या दिवशी बघा, पिवळट मरतुकड्या उजेडात बाहुली हलतच नाही आणि मग तुम्ही पेशंटला बिचाऱ्याला न्यूरोचा पेशंट करून टाकता. मोबाईलचा फ्लॅश वेळेला चालतो पण फार प्रखर असतो, पेशंट डोळेच मिटून घेतो.

पेशंटला बसवा, तुमचे डोळे आणि त्याचे डोळे एका लेव्हलला येतील असं. हात धुवा आणि थंड असतील तर चोळा, जानेवारीत सकाळी सातच्या ड्युटीला थेट मानेला हात लावलात तर पेशंट खांदे वर घेतो आणि मानेच्या गाठी काय डोंबल लागणार. आणि काय करणार ते आधी सांगा, साध्या भाषेत, "काका डोळ्यात बॅटरी मारणार आहे, दुखणार नाही".

एक महत्त्वाचं, पडून किंवा अपघात होऊन आलेला पेशंट असेल तर मान हलवायची नाही, खाली लिहिलेलं मान वळवा वगैरे काहीही नाही, आधी मान स्थिर.

डोकं आणि चेहरा

हात लावायच्या आधी दहा सेकंद नुसतं बघा. पेशंट बोलत असतानाच बघा म्हणजे त्याला कळतही नाही. दोन्ही बाजू सारख्या आहेत का, एक पापणी खाली आलीय का, तोंडाचा कोपरा ओघळलाय का, चेहरा सुजलाय का, डोकं आपोआप हलतंय का. या भागातली निम्मी तपासणी म्हणजे उजवं डावं ताडून बघणंच आहे, देवाने नमुना शेजारीच ठेवलाय.

मग केस बाजूला करून टाळूची कातडी बघा, चार पाच ठिकाणी भांग पाडून. कोंडा आणि लिखा यात गोंधळ होतो, सोपी युक्ती आहे, नखाने ओढा, कोंडा झटकन सुटतो, लीख केसाला चिकटून बसते आणि केसावरून सरकवावी लागते. कानामागे आणि मानेवर जास्त सापडतात. गोल गुळगुळीत टक्कल म्हणजे बहुधा चाई, पण गोल चट्टा खवल्यांचा आणि केस तुटलेले असतील, त्यातून लहान मूल असेल, तर बुरशीचा विचार करा. बोटांच्या पेरांनी सगळं डोकं चाचपा, टेंगूळ, खड्डा, दुखरी जागा, मागची बाजू विसरू नका, तिथे उशी असते म्हणून कोणी बघत नाही.

तान्हं बाळ असेल तर टाळू बघायची. (आपल्याकडे डोक्याची पण टाळू आणि तोंडातली पण टाळू, लिहिताना स्पष्ट लिहा नाहीतर पुढच्या शिफ्टवाली गोंधळते.) मागची टाळू साधारण दोन महिन्यांपर्यंत भरते, पुढची बहुतेकांची 12 ते 18 महिन्यांत. बाळ शांत असताना, आईच्या मांडीवर उभं धरून हात लावा, रडताना टाळू वर येते आणि त्यावरून काही ठरवता येत नाही. हलकं उडणं नॉर्मल आहे. खोल गेलेली असेल तर जुलाब उलट्या विचारा, पाणी कमी झालंय. शांत बाळाची टाळू फुगलेली, ताप आणि बाळ सुस्त, तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना बोलवा. डोक्याचा घेर मोजताना टेप भुवयांच्या वरून आणि मागच्या सगळ्यात फुगीर भागावरून, तीनदा मोजा आणि मोठा आकडा लिहा. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाचा साधारण 33 ते 35 सेंटिमीटर असतो.

चेहऱ्याच्या नसा बघायला चार हुकूम पुरतात: कपाळाला आठ्या घाला, डोळे घट्ट मिटा, दात दाखवा, गाल फुगवा. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा जी खरंच कामाला येते. एका बाजूचा चेहरा पडलाय आणि त्या बाजूच्या कपाळाला आठ्याही येत नाहीत, डोळाही मिटत नाही, तर बहुधा चेहऱ्याच्या नसेचाच लकवा. पण आठ्या दोन्हीकडे येतायत आणि फक्त तोंड वाकडं झालंय तर मेंदूचा झटका समजून धावपळ करा, सुरू कधी झालं ती वेळ विचारा, हात उचलायला लावा, बोलणं बघा. आणि आठ्या नाहीत तरी हातपाय लुळा पडलाय, बोलणं जड आहे असं काही सोबत असेल तर झटकाच धरून चाला. गावाकडे "वारं गेलं" म्हणून दोन दिवस तेल चोळत बसतात, ते दोन दिवस परत मिळत नाहीत.

दात आवळायला सांगून कानशिलावर आणि जबड्यावर हात ठेवा, स्नायू दोन्हीकडे सारखे कडक व्हायला पाहिजेत. कापसाने कपाळ, गाल, हनुवटी दोन्ही बाजूला स्पर्श, डोळे मिटून "सारखं लागतंय का?" कानाच्या पुढे बोटं ठेवून तोंड उघडमिट करायला लावा, कटकट आवाज येऊनही दुखत नसेल तर घाबरायचं कारण नाही.

डोळे

सगळ्यात आधी नजर. लोक टॉर्चने सुरू करतात आणि मग दिपलेल्या डोळ्यांना चार्ट वाचायला लावतात, उलटं झालं ना ते. अपवाद एकच, डोळ्यात चुना, अ‍ॅसिड, औषध काही उडालं असेल तर नजर बिजर नंतर, आधी भरपूर स्वच्छ पाण्याने धूत रहा, निदान 15 ते 30 मिनिटं, पापण्या उलगडून, अडकलेले कण काढत. तंबाखूच्या चुन्याची ट्यूब लहान मुलांच्या हातात फुटते आणि थेट डोळ्यात जाते, हे तुम्हाला ओपीडीत बघायला मिळेलच.

चार्ट 6 मीटरवर, एक डोळा तळव्याने झाकायचा, बोटांनी नाही कारण फटीतून बघतात, आणि दाबायचं नाही. चष्मा असेल तर चष्म्यासकट. सगळ्यात वरचं मोठं अक्षर 60 मीटरवरून दिसायला हवं अशा मापाचं असतं, म्हणून तेवढंच वाचलं तर 6/60. वरचा आकडा तुमचं अंतर, खालचा त्या ओळीचा. वॉर्डमध्ये 6 मीटर जागा कुठे असते, तर 3 मीटरवर आरसा लावून उलटा चार्ट वापरतात. वाचता न येणाऱ्यांना ई चा चार्ट, तोंड कुठल्या बाजूला ते हाताने दाखवायचं, देवनागरी अक्षरांचे चार्ट पण मिळतात, आणि "वाचता येतं का?" हे चारचौघात मोठ्याने विचारू नका, थेट ई दाखवा. वरचं अक्षर पण दिसत नसेल तर जवळ आणा, मग बोटं मोजायला लावा, मग हात हलतोय का, मग उजेड कळतो का. कमी दिसत असेल तर पुठ्ठ्याला सेफ्टी पिनने बारीक भोक पाडून त्यातून वाचायला सांगा. सुधारलं तर बहुधा चष्म्याचा नंबर, नाही सुधारलं तर दुसरं काहीतरी आहे. फुकटचं उपकरण आहे पण जादू वाटते पेशंटला.

मग बाहेरून आत. भुवया, पापण्या, रांजणवाडी, पापणी आत वळून केस बुबुळाला घासतायत का. खालची पापणी अंगठ्याने हळूच खाली ओढा, वर बघायला सांगा, आतली लाली बघा. फिकी असेल तर नखं, तळवे, जीभ पण बघा आणि हिमोग्लोबिन करून घ्या, नुसत्या डोळ्यावरून आकडा सांगायचा नाही. कावीळ बघायची तर खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, वरची पापणी उचलून खाली बघायला सांगून. पिवळ्या बल्बखाली सगळ्या वॉर्डला कावीळ होते. म्हाताऱ्या माणसांचं, उन्हात काम करणाऱ्यांचं पांढरं बुबुळाच्या कडेला मळकट पिवळं असतं, ती कावीळ नाही, कावीळ सगळीकडे सारखी पसरते. म्हाताऱ्यांच्या काळ्या बुबुळाच्या कडेची करडी रिंग पण वयाची असते. लहान मुलाच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर कोपऱ्याकडे साबणाच्या फेसासारखा चट्टा दिसला तर अ जीवनसत्त्वाची कमी, आईला संध्याकाळी अंधारात अडखळतो का ते विचारा.

बाहुल्या. खोली थोडी अंधारी करा, पेशंटला लांब बघायला सांगा (जवळ बघितलं तर बाहुली तशीच लहान होते आणि तुमचा टेस्ट गेला), टॉर्च समोरून नाही तर बाजूने आणा. आधी आकार मिलिमीटरमध्ये, दोन्ही सारख्या आणि गोल आहेत का. उजेड टाकलेली बाहुली आकसली पाहिजे, आणि दुसरीही सोबतच, म्हणून प्रत्येक डोळ्याला दोनदा उजेड, एकदा तोच डोळा बघायला, एकदा शेजारचा. मग टॉर्च इकडून तिकडे झुलवा, दर डोळ्यावर दोन तीन सेकंद. उजेड आल्यावर बाहुली आकसण्याऐवजी मोठी होतेय असं दिसलं तर त्या डोळ्याच्या नसेत गडबड. शेवटी लांबचं बघून मग बोटाकडे बघायला सांगा, डोळे आत येतील, बाहुल्या लहान होतील. पेर्ला (बाहुल्या सारख्या, गोल, उजेडाला आणि जवळ बघताना आकसणाऱ्या) लिहायचं ते हे सगळं केल्यावर, टॉर्च एकदा चमकवून नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का, डोळ्यात थेंब टाकलेत का हे विचारा, आणि एखाद मिलिमीटरचा फरक कित्येकांना जन्मापासून असतो.

बाहुली जीव वाचवते ते मी पाहिलंय. कापसाच्या फवारणीच्या दिवसांत एक काका आले, उलट्या, घाम, लाळ, सोबतचे म्हणत होते ऊन लागलं. बाहुल्या बघितल्या तर टाचणीच्या टोकाएवढ्या. शर्टाला औषधाचा वास येत होता, तो मात्र मी नंतर घेतला, आधी बाहुल्यांनी सांगितलं. अशा वेळी ग्लोव्हज घालून कपडे काढायचे, अंग साबणाने धुवायचं आणि डॉक्टरांना लगेच हाक मारायची. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसपेक्षा जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, विदर्भात काम करणाऱ्या नर्सला टाचणीएवढी बाहुली झोपेतही ओळखता आली पाहिजे. धोतऱ्याच्या बिया खाल्लेल्या पोराचं उलटं, बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडं, बडबड.

डोळ्यांची हालचाल बघायला डोकं स्थिर, बोट हातभर अंतरावर, हवेत मोठा इंग्रजी एच काढा, सावकाश. दोन्ही डोळे सोबत फिरतात का, दोन दोन दिसतं का. एकदम टोकाला नेल्यावर दोनचार झटके नॉर्मल असतात, म्हणून टोकाला नेऊ नका. तिरळेपणासाठी लांबून टॉर्च मारा, उजेडाचा ठिपका दोन्ही बाहुल्यांवर एकाच जागी पडला पाहिजे. मोबाईलच्या फोटोत एका डोळ्यात लाल ऐवजी पांढरं चमकतं असं कुठल्या आईने सांगितलं तर हसण्यावारी नेऊ नका, मोतीबिंदू असू शकतो, पडद्याचा कॅन्सर पण, ताबडतोब डोळ्याच्या डॉक्टरकडे.

लाल डोळा म्हणजे दरवेळी डोळे आलेत असं नाही. चिकट घाण, खाज, नजर ठीक, तर बहुतेक तेच. पण खूप दुखतंय, दिसायला कमी, बुबुळ धुरकट, लाली बुबुळाच्या भोवती रिंगणासारखी, बाहुली मोठी आणि हलत नाही, उलटी होतेय, तर काचबिंदूचा अ‍ॅटॅक असू शकतो, त्याच दिवशी रेफर.

कान

चांगला कान आधी, दुखरा नंतर, नाहीतर पेशंट दुसऱ्या कानाला हातच लावू देत नाही आणि घाण पण एकातून दुसऱ्यात जाते. कानाची पाळी ओढा, पुढचा छोटा उंचवटा दाबा. दुखलं तर कानाच्या नळीची सूज, पिन, काडी, किल्ली घालायची सवय विचारा, सगळे नाही म्हणतात. कानामागचं हाड दाबा, तिथे सूज, लाली, दुखणं, कान पुढे ढकलल्यासारखा, ताप, तर हे ओपीडीत थेंब देऊन घरी पाठवायचं काम नाही.

ऑटोस्कोपला आत जाईल असं सगळ्यात मोठं टोक लावा, लहान लावलं तर कमी दिसतं आणि खोल जाऊन टोचतं. मोठ्या माणसाचा कान वर आणि मागे ओढायचा, साधारण तीन वर्षांखालच्या मुलाचा खाली आणि मागे. पेनसारखं धरा आणि करंगळी पेशंटच्या गालाला टेकवा, पोराने डोकं झटकलं तर हातही सोबत हलतो, टोचत नाही. मुलाला आईच्या मांडीवर आडवं बसवून एक हात डोक्याला एक हात हातांना, आईला तसं धरायला शिकवा. निरोगी पडदा मोत्यासारखा करडा, त्यावर उजेडाचा त्रिकोण, उजव्या कानात घड्याळाच्या पाचवर, डाव्यात सातवर. लाल फुगलेला पडदा, पडद्यामागे पाणी, मधे भोक, हे दिसायला सराव लागतो, दहा नॉर्मल कान बघितल्याशिवाय अकरावा कळत नाही, तर हॉस्टेलवर एकमेकींचे बघा. भोक पडद्याच्या वरच्या टोकाला किंवा कडेला आणि घाण वासाचा पू असेल तर ते जास्त धोक्याचं. मळ दिसला तर चिमट्याने उकरत बसू नका. हरभरा, चिंचोका, वाटाणा अडकलाय तर पाणी अजिबात घालायचं नाही, तो फुगतो. बटण सेल असेल तर तासांचा खेळ आहे, लगेच पाठवा.

ऐकू येतं का बघायला पेशंटच्या मागे हातभर अंतरावर उभं रहा म्हणजे ओठ दिसत नाहीत, दुसऱ्या कानापुढचा उंचवटा चोळत रहा, पूर्ण श्वास सोडून मग कुजबुजा, "सात, बस, नऊ" असं तीन शब्द. श्वास सोडून कुजबुजलं की आवाज दरवेळी सारखा बारीक निघतो.

आता ट्युनिंग फोर्क, व्हायवाचा (तोंडी परीक्षेचा) लाडका. कोपरावर किंवा गुडघ्यावर आपटा, टेबलावर नाही. रिने टेस्ट (हाइनरिश रिने नावाच्या जर्मन डॉक्टरने 1855 मध्ये मांडलेली) म्हणजे दांडी कानामागच्या हाडावर, आवाज थांबला की पेशंट हात वर करणार, मग लगेच फोर्क कानासमोर. अजून ऐकू आलं तर रिने पॉझिटिव्ह, आणि पॉझिटिव्ह म्हणजे नॉर्मल, बाकी सगळ्या टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे आजार असतो त्यामुळे इथे निम्मा वर्ग आपटतो. हाडावर जास्त ऐकू येत असेल तर आवाज आत पोचायच्या रस्त्यात अडथळा, मळ, पडद्याला भोक, पाणी. वेबर टेस्टला दांडी कपाळाच्या मधोमध, आवाज कुठे जास्त? मधे किंवा दोन्हीकडे सारखा म्हणजे बरं. अडथळ्याचा बहिरेपणा असेल तर खराब कानात जास्त वाजतो, नसेचा असेल तर चांगल्या कानात. पटत नसेल तर आत्ता एका कानात बोट घालून गुणगुणा, बंद कानात मोठं ऐकू येईल, झालं, आयुष्यभर विसरणार नाही. एक खाचखळगा, एक कान पूर्ण गेलेला असेल तर हाडावरचा आवाज पलीकडचा चांगला कान ऐकतो आणि रिने फसवी येते, म्हणून दोन्ही टेस्ट जोडीने वाचायच्या. आणि "काल सकाळी उठले तर एका कानाने ऐकूच येईना" असं कोणी सांगितलं, आत मळ दिसत नाही, तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे, महिनाभर थेंब टाकत बसायचं नाही.

नाक

नाक लवकर आटपतं. वाकडं, सुजलेलं आहे का बघा, एक नाकपुडी बंद करून दुसरीतून श्वास, किंवा नाकाखाली थंड स्टीलचा डिप्रेसर धरा, दोन्हीकडे वाफ सारखी उमटली पाहिजे. शेंडा अंगठ्याने वर उचलून टॉर्च मारला तरी बरंच दिसतं. आत बाजूला जो गुलाबी मांसल गोळा दिसतो तो टर्बिनेट, आजार नाही, दरवर्षी कोणीतरी त्याला पॉलिप (नाकातली मऊ गाठ) म्हणतं. पॉलिप फिकट करडा, सोललेल्या द्राक्षासारखा असतो. अ‍ॅलर्जीवाल्यांचं आतून फिकट निळसर, फुगलेलं. घोळणा फुटतो तो बहुतेकदा मधल्या पडद्याच्या पुढच्या भागातून, तिथे खपली आहे का बघा, घोळणा चालू असेल तर पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग सलग दहा मिनिटं दाबायचा, डोकं मागे करून कांदा हुंगवायचा नाही.

लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचं पाणी येतंय तर आत काहीतरी घातलंय असंच धरून चाला. मार लागल्यावर नाकाच्या मधल्या पडद्यावर दोन्हीकडे मऊ लालसर फुगा दिसला तर रक्त साठलंय, थांबायचं नाही. डोक्याला मार लागून नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं पातळ येत असेल तर कापूस कोंबू नका, मेंदूचं पाणी असू शकतं, कानामागे किंवा दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं झालंय का तेही बघा. आणि शुगरचा पेशंट, एका बाजूचा गाल सुजलेला, डोळा दुखतोय, नाकात काळी खपली, तर 2021 ची ती काळ्या बुरशीची लाट आठवा, तोंडात वरची टाळू काळी पडलीय का लगेच बघा. सायनससाठी भुवयांच्या आतल्या टोकाखालून वर दाबा आणि नाकाशेजारी गालाच्या हाडावर दाबा, डोळ्यावर नाही.

तोंड आणि घसा

कवळी काढली का? मग ग्लोव्हज घाला. ओठ, कोपरे चिरलेत का, वास. तोंड उघडायला सांगा आणि पेशंटचीच तीन बोटं उभी आत जातात का बघा. ही तीन बोटं आपल्याकडे फार महत्त्वाची आहेत. राज्यात 2012 पासून गुटख्याला बंदी आहे पण खर्रा, मावा, तंबाखू चुना, मिश्री कुठे थांबलंय, आणि बायकांना "तंबाखू खाता का?" विचारलं तर नाहीच म्हणतात, "मिश्री लावता का मावशी, दिवसातून किती वेळा?" असं विचारा, लगेच सांगतात. तीन बोटं जात नाहीत, तिखट झोंबतं, गाल आतून पांढुरका आणि बोटाने चाचपल्यावर दोऱ्यांसारखा कडक लागतो, म्हणजे आतून आवळत चाललंय, आणि त्यावर पुढे कॅन्सर व्हायची शक्यता असते.

डिप्रेसरने गाल बाजूला करून दोन्हीकडे आतून बघा, तंबाखूची गोळी कुठे ठेवता विचारा आणि बरोबर तिथेच बघा. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालावर बारीक उंचवटा असतो, ते लाळेच्या नळीचं तोंड, फोड नाही. तापाच्या मुलाच्या गालात दाढांसमोर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणि भोवती लाली दिसली तर गोवर, अंगावर पुरळ यायच्या आधीच. जीभ बाहेर काढा, सरळ येते का, वळत असेल तर कमजोर बाजूकडे वळते. मग गॉजमध्ये टोक धरून दोन्ही कडा मागपर्यंत, आणि जीभ टाळूला लावायला सांगून खालची जागा, कॅन्सर लपतो तो या कडांना आणि जिभेखाली. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लाल मखमली चट्टा (हा पांढऱ्यापेक्षा वाईट), दोन तीन आठवडे न भरलेली जखम, कडक कडा, यातलं काहीही असलं तर बी कॉम्प्लेक्स देऊन तोंड आलंय म्हणायचं नाही.

घशासाठी डिप्रेसर जिभेच्या मध्यापर्यंतच, थोडा एका बाजूने, फार मागे गेला की ओकारी ठरलेली. बऱ्याच जणांना काहीच लावावं लागत नाही, "आ" मोठ्याने म्हणताना जांभई द्या सांगितलं की सगळं दिसतं. पडजीभ मधोमध वर जाते का, टॉन्सिल किती मोठे: खाचेतच असतील तर 1, खाचेबाहेर डोकावतायत तर 2, पडजिभेजवळ पोचले तर 3, एकमेकांना चिकटले तर 4. लहान मुलांचे टॉन्सिल मोठे असतातच, आकार म्हणजे आजार नाही. एका बाजूचा फुगून पडजीभ पलीकडे ढकललीय, तोंड उघडत नाही, तोंडात गरम बटाटा असल्यासारखं बोलतोय, तर पू झालाय. करडा चिवट पडदा, काढायला गेलं की रक्त, मान सुजलेली, तर घटसर्प, खरवडू नका, वेगळं ठेवा, कळवा. आणि एक पोर पुढे वाकून बसलंय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, श्वासाला आवाज येतोय, त्याच्या तोंडात डिप्रेसर घालायचाच नाही, रडवायचं नाही, आईच्या मांडीवरच राहू द्या आणि ऑक्सिजन आणि डॉक्टर दोन्ही बोलवा.

मान

गाठींसाठी एक ठरलेला रस्ता ठेवा: कानापुढे, कानामागे, डोक्याच्या मागे खाली, जबड्याचा कोपरा, जबड्याखाली, हनुवटीखाली, मग मानेच्या मोठ्या स्नायूवरून खाली, त्याच्या मागून, आणि शेवटी गळपट्टीच्या हाडाच्या वरचा खड्डा. बोटांची पेरं गोल गोल फिरवायची, खुपसायची नाहीत. सापडली तर आकार, दुखते का, हलते का, कडक का मऊ, किती दिवसांची. घसा दुखतोय आणि दुखरी हलणारी छोटी गाठ, हे चालायचंच. एकमेकांना चिकटलेल्या, न दुखणाऱ्या, आठवड्यांच्या गाठी, वजन कमी, संध्याकाळचा ताप, तर टीबी, जुनी माणसं गंडमाळा म्हणायची ते. दगडासारखी कडक, न हलणारी, किंवा गळपट्टीच्या वर कुठलीही, विशेषतः डावीकडे, ती कधीच नॉर्मल धरायची नाही.

श्वासनळी मधे आहे का हे छातीच्या हाडाच्या वरच्या खोबणीत बोट ठेवून बघा. मग थायरॉइड, समोरून बघा, पाण्याचा घोट तोंडात धरायला लावा, "आता गिळा". गिळताना गाठ वर सरकली तर बहुधा थायरॉइडची, जीभ बाहेर काढल्यावर पण सरकली तर वेगळी, जन्मापासूनची गाठ. नंतर मागे उभं राहून हनुवटी थोडी खाली करायला सांगून दोन्ही हातांनी चाचपा, परत एक घोट. मानेवरची नाडी एका वेळी एकाच बाजूची, दोन्ही एकदम दाबल्या तर पेशंट चक्कर येऊन तुमच्याच अंगावर पडेल.

लिहिताना "नॉर्मल" हा शब्द शक्यतो टाळा. असं लिहा: बाहुल्या दोन्ही 3 मिमी, गोल, उजेडाला दोन्हीकडे आकसतात, नजर चष्म्यासह उजवा 6/9, डावा 6/18, भोकातून 6/9, उजव्या कानात मळ, पडदा दिसला नाही, तोंड दोन बोटं उघडतं, डाव्या गालात आतून 1 सेंमी पांढरा चट्टा, पुसला जात नाही, टॉन्सिल 2, जबड्याखाली डावीकडे 1 सेंमी गाठ, हलते, दुखत नाही. "पडदा दिसला नाही" लिहायला लाजू नका, "पडदा नॉर्मल" लिहिण्यापेक्षा शंभर पटीने बरं.

आणि उठायच्या आधी चष्मा, मशीन, कवळी पेशंटच्या हातात परत द्या. कवळी पाण्याच्या वाटीत ठेवायची, नाव लिहून, टिश्यूत गुंडाळून ट्रेमध्ये नाही. टिश्यू कचरा समजून मावशी उचलून नेतात, आणि मग अर्धी शिफ्ट ग्लोव्हज घालून पिवळ्या पिशवीत कवळी शोधण्यात जाते.